माळ्यावरचा एफ मेजर

सी, जी, डी, ई मायनर हे कॉर्ड थोड्या सरावाने बऱ्यापैकी वाजू लागतात आणि मग एफ मेजर येतो. पहिल्या फ्रेटवर तर्जनी सहाही तारांवर आडवी. मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. सांगायला एवढंच, पण आमच्या पिढीच्या कितीतरी गिटारी इथेच अडल्या आणि माळ्यावर गेल्या.

१९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला, आमिर खानच्या गळ्यात गिटार दिसली आणि आमच्या चाळीतही हट्ट सुरू झाले. धोबी तलावला फुर्टाडोजच्या काचेआडच्या गिटारी फक्त बघायच्या. घरात आली ती कोलकात्याची साधी गिटार. तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून बोटभर उंच वाटायच्या. सुरात लावायला शेजारच्या काकांची पेटी. जाड तार पांढरी तीनला, मग पांढरी सहा, दोन, पाच, सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा तीनला. गाणं बसवायचं ते टेपवर, कॅसेट मागेपुढे करत. सेल उतरले की टेप संथ फिरे, सूर खाली येई आणि गाण्याचा कॉर्ड गिटारच्या दोन फ्रेटच्या मध्येच कुठेतरी जाऊन बसे.

आमचे गिटारचे सर मूळचे गोव्याचे, राहायला वांद्र्याला. एफ घेतला की ते सहाही तारा एकेक करून छेडायला लावत. एखादी तार ठप्प वाजली की म्हणत, “जोर नको लावू, मॅन, कोपर अंगाजवळ घे.” मग स्वतः माझी तर्जनी किंचित कुशीवर वळवत, तिच्या अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर. मांसल भागात पेराच्या खाचेत तार रुतून बसते, कडेवर रुतत नाही. आणि त्यांनीच दाखवलं की तर्जनीला खरं म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारा वाजवायच्या असतात. मधल्या तिघींना बाकीची बोटं सांभाळतात. सहाही तारांवर सारखाच जोर लावण्यात आमची मनगटं विनाकारण शिणत होती.

आता भाची शिकते. ट्यूनर गिटारच्या डोक्याला चिमटा लावून बसतो. तारा दहा गेजच्या, हलक्या. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावला तरी सूर उतरत नाही, याचं मला अजून अप्रूप वाटतं. तिच्या बाईंनी हा आडव्या तर्जनीचा बार कॉर्ड पाचव्या फ्रेटवर सुरू केला, तिथे तोच आकार ए मेजर होतो. तारा ज्या खाचांतून जातात ती नटची पट्टी पहिल्या फ्रेटला अगदी खेटून असते. खाचा उंच राहिल्या, तर तिथे तार दाबायला सगळ्यात जास्त ताकद लागते. पाचव्यावर हात बसवून बाई तिला एकेक फ्रेट खाली आणत गेल्या आणि एफ न रडता आला.

म्हणून बोटांच्या घट्ट्यांचं कौतुक मी करणार नाही. ते दुखणं बरंचसं वाद्याचं होतं, कलेचं नव्हतं. कित्येक मुलांनी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून गिटार सोडली, आणि दोष नटच्या खाचांचा होता, याची मला आजही हळहळ वाटते. आजचं शिकणं निःसंशय चांगलं आहे. फक्त भाचीचं अ‍ॅप कॉर्ड बरोबर आला की हिरवा रंग दाखवतं. चुकला तर बोट वळवून देत नाही. तेवढ्यासाठी शेजारी कान देऊन बसलेलं माणूस हवंच, आणि ते तेव्हा आम्हाला होतं.

तुमच्याही माळ्यावर अशी गिटार असेल तर या रविवारी खाली काढा. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून नटच्या खाचा बेताच्या करून घ्या, हलक्या तारा चढवा आणि पाचव्या फ्रेटपासून पुन्हा सुरुवात करा.