जुनं कॅबिनेट ठेवलं, त्याची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला, लग्नसराईत पत्रिका आणि निकाल लागले की पोरांचे ऑनलाइन अर्ज. या सगळ्याचा भार ज्या संगणकावर आहे, त्याचं कॅबिनेट 2009 सालचं. काळा जाड पत्रा, पुढे दोन सीडी ड्राइव्हच्या जागा आणि त्यांच्याखाली फ्लॉपीची खाच झाकणारी प्लास्टिकची पट्टी.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला सुरक्षेसाठी टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा चौथ्या पिढीचा. शेतकऱ्यांचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक ज्या मशीनवरून पुढे जातं, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवणं मला पटत नव्हतं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम नवं घ्यायचं ठरलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीला आला होता. त्यानं मोबाईलवर काचेच्या कॅबिनेटांचे फोटो काढून दाखवले. म्हणाला, "मामा, हे खोकं कामून ठेवायलात? आतलं सगळं नवं अन् वरून हे?"

प्रश्न रास्त होता. बोर्ड, प्रोसेसर घेताना दोन हजारांचं कॅबिनेट जड नव्हतं. पण पैसा गिऱ्हाइकांच्या वीस-तीस रुपयांतून जमलेला असतो, आणि कशाला लावला हे मला स्वतःला सांगता आलं पाहिजे. म्हणून जुनं नीट उघडून बघितल्याशिवाय नवं आणायचं नाही, असं ठरवलं.

आधी मापं. इंटेलनं 1995 साली एटीएक्स हा साचा आणला. बोर्डाच्या स्क्रूची भोकं कुठे, मागची पोर्टांची चौकट केवढी, वीज पुरवणारा एसएमपीएस कुठल्या मापाचा, हे त्यात ठरलं. मायक्रो एटीएक्स 1997 चा. माझा नवा बोर्ड 244 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स. जुन्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ होते तिथेच त्याची भोकं बसली. एकही नवं भोक पाडावं लागलं नाही. संगणकाच्या धंद्यात इतकी वर्षं टिकलेलं दुसरं काय आहे, मला चटकन आठवत नाही. प्रोसेसरचं सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलतं, रॅमच्या खाचा बदलतात. स्क्रूची भोकं मात्र तिथेच आहेत.

मग आतली हवा. इथे परभणी जिल्हा आडवा येतो, आणि माझं म्हणणंही इथेच आहे. कॅबिनेट पुण्याच्या खोलीत ठेवायचं आणि मानवतच्या बाजारात ठेवायचं यात फरक आहे. मानवत कापसाची पेठ. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंग चालू असतात, रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात आणि हवेत तंतू उडत राहतात. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ. ही धूळ मैद्याइतकी बारीक असते आणि कशावरही बसते. बाजूचा पत्रा काढला तेव्हा प्रोसेसरच्या हीटसिंकवर पंख्याखाली अख्खा करडा थर होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एक कोपरा उचलला तर तो एकसंध निघून आला, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचे ठसे उमटलेला. उजेडात धरलं तर त्यात कापसाचे धागे स्पष्ट दिसत होते. पात्यांच्या फटी पूर्ण बुजलेल्या. जुलैअखेर, पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत, दारात रांग असताना मशीन का रखडायचं, ते हातात आलं. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हाच्या रांगा मला आजही आठवतात. माणसं सकाळी कागदं घेऊन बसायची आणि आम्ही मशीन थंड व्हायची वाट बघायचो.

दुसरी गोष्ट भाच्याला कागदावर आकडे मांडून सांगितली. कॅबिनेट हवा थंड करत नाही. खोलीतली हवा आत घेऊन गरम झालेली बाहेर टाकणं, एवढंच त्याचं काम. परभणीचा पारा मे महिन्यात 44 अंशांच्या आसपास जातो, कृषी विद्यापीठातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. माझ्या पत्र्याच्या छताच्या गाळ्यात तेव्हा 40 सहज असतं. म्हणजे जगातल्या सगळ्यात महागड्या कॅबिनेटातही आतलं तापमान 40 च्या खाली येणार नाही. बहुतेक हार्ड डिस्कांची कामाची मर्यादा 60 अंश असते. आत पंधरा-वीस अंश वाढले की आपण मर्यादेला टेकलो. पुढून काचेनं किंवा प्लास्टिकनं बंद केलेली, हवा फक्त कडेच्या फटीतून ओढणारी पेटी इथे आणणं म्हणजे दिसण्यासाठी दम कोंडणं. माझ्या जुन्या पेटीला पुढे जाळी होती. तिच्यामागे पंखा नव्हता, एवढीच कमतरता.

पंखा 80 मिलिमीटरचा लावायचा की 120 चा, यात मी 120 चा धरला. त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून तेवढीच हवा तो सावकाश फिरून, आवाज न करता ओढतो. पण त्याला जागा हवी. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा होता, रिव्हेट मारून बसवलेला. नव्या बोर्डावर एम डॉट टू एसएसडी थेट बसते, पिंजऱ्याचं कामच उरलं नव्हतं. ड्रिलनं रिव्हेट उडवले आणि पिंजरा काढला. बॅकअपची जुनी डिस्क सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या जागेत पट्ट्या लावून टांगली. कॅबिनेट पूर्ण रिकामं करून वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्यानं पुढच्या पत्र्यात गोल भोक कापलं, कानशीनं कड मारली, रेड ऑक्साईडचा हात दिला. घरी आणून कोपऱ्याकोपऱ्यातला लोखंडी चुरा ब्रशनं आणि ब्लोअरनं काढला, कारण त्यातला एक कण बोर्डावर पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो आतल्या बाजूला. पुढे खिडकीला लावतात ती बारीक मच्छरजाळी. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जास्त ठेवली की आत थोडा दाब राहतो आणि धूळ फटीफटीतून न येता जाळीतूनच येते. म्हणून मागे छोटा पंखा, पुढे मोठा. दर रविवारी जाळी काढून झटकायची. कापसाच्या दिवसांत तर मधल्या वारीही.

मागच्या बाजूला कार्डांच्या दोन खाचा उघड्या होत्या. तिथून उंदीर आत जातात. बाजारपेठेत ज्याच्या दुकानाशेजारी धान्याचं दुकान आहे, त्याला हे सांगायला नको. पत्र्याच्या पट्ट्या कापून दोन्ही बंद केल्या.

एसएमपीएस मात्र ठेवला नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता. वजनाला हलका, नव्या बोर्डाला प्रोसेसरसाठी लागणारी 8 पिनची जोडणी त्याला नव्हती, आणि उघडला तर आतल्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली. यूपीएस, लाइटची ये-जा आणि उन्हाळा या तिन्हींचा मार सगळ्यात आधी एसएमपीएस खातो. कॅबिनेटचे वाचलेले पैसे मी चांगल्या एसएमपीएसमध्ये घातले. तो जुन्या जागी, त्याच चार स्क्रूंवर बसला. यूएसबी मात्र आहे तेच ठेवलं. पुढची दोन पोर्टं यूएसबी 2 ची, हळू. पण माझं काम अंगठ्याच्या मशीनचं आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हचं. त्याला ती पुरतात. वेगाचं काम असेल तर बोर्डाच्या मागच्या पोर्टात लावतो.

आणखी एक तक्रार होती, झिणझिण्यांची. पेटीला हात लागला की बोटाला बारीक मुंग्या यायच्या. आजूबाजूच्यांचा एकच सल्ला, डबा शॉक देतोय, बदलून टाका. मल्टिमीटरचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं ओल्या जमिनीत खोचलेल्या सळईला लावलं तर शंभरच्या वर व्होल्ट दाखवत होता. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात, वीजपुरवठ्यातला खरखराट गाळायला. अर्थिंग तुटलेली असली की त्यांच्यामुळे पत्रा साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतो. दाब मोठा दिसतो, करंट मात्र अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. विजेचा बोर्ड उघडून पाहिला तर थ्री पिनच्या तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. नवं कॅबिनेट आणलं असतं तर त्यालाही मुंग्याच आल्या असत्या. गाळामालकांना विचारून वायरमनकडून मागच्या बोळात खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ भरून प्लेट पुरली, वायर आत आणली. आता मल्टिमीटर जवळपास शून्य दाखवतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती प्लेटपासून सुटते, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. संगणक घेताना लोक अर्थिंगचं विचारत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लेकरं त्या पत्र्याला हात लावतात.

उन्हाळ्यात भर दुपारी, दोन ब्राउझर आणि प्रिंटर चालू असताना, प्रोसेसर सत्तरीच्या आतबाहेर राहिला. जुना नव्वद ओलांडायचा आणि स्वतःचा वेग पाडायचा. यात नव्या प्रोसेसरचा वाटा आहेच, सगळं श्रेय मी पेटीला देत नाही.

पण म्हणून सगळ्यांनी जुनं ठेवावं, असं माझं म्हणणं नाही. मध्यंतरी सेलूचे एक गुरुजी त्यांचं मशीन घेऊन आले. एका कंपनीचा ऑफिसातला चपटा डेस्कटॉप, जुन्या बाजारातून घेतलेला. त्यांनाही आतला बोर्डच बदलायचा होता. मी उघडलं. एसएमपीएस त्या कंपनीच्याच लांबट मापाचा, बोर्डाची भोकं वेगळी, पुढच्या बटणाची वायर एकाच वेगळ्या चिमटीत. बाहेरचा कुठलाच बोर्ड त्यात बसणार नव्हता. गुरुजी म्हणाले, "तुमचं ठेवलंत की जुनंच, मग माझं का नाही होणार?" मी त्यांना दोन्ही पेट्या शेजारी ठेवून भोकं दाखवली. त्यांना पटलं. परभणीला स्टेशन रोडला जाऊन आम्ही त्यांच्यासाठी पुढे जाळी असलेलं, साधं, काच नसलेलं कॅबिनेट आणलं. घेण्याआधी मी पत्र्यावर अंगठा दाबून बघितला, मग पुढची जाळी बोटानं काढता-घालता येते का ते पाहिलं. दोन्ही जमलं तेव्हा पैसे दिले.