किनलॉखलेव्हनच्या पडवीत

"तुम्हांला स्वर्गात नेलं, तरी तिथल्या विमानाचं झाकण उघडून पाहाल!" असे आमच्या सौभाग्यवतींचे माझ्याविषयी मत आहे. दापोडीच्या एस. टी.च्या कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते खोडून काढता येत नाही. पण स्कॉटलंडात जे घडले त्यात पुढाकार माझा नव्हता, एवढे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ग्लासगोला मुलीकडे गेलो होतो. एप्रिलच्या अखेरीस जावयांनी आम्हां उभयतांना मोटारीने उत्तरेला नेले. लॉख लोमंडचे सरोवर, रॅनखचे ओसाड माळरान, ग्लेन्कोची काळीकभिन्न दरी, एकामागून एक मागे पडत गेली आणि संध्याकाळी आम्ही किनलॉखलेव्हनला पोहोचलो. नावाचा अर्थच 'लेव्हन खाडीचे टोक'. आपल्या कोकणातल्या खाडीसारखीच ही डोंगरात घुसलेली; फक्त माडांच्या जागी बर्च, आणि मे महिना तोंडावर आला तरी शिखरांवर बर्फ! डोंगरावरच्या ब्लॅकवॉटर धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून गावात उतरते. त्या पाण्याच्या विजेवर इथे अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो बंद पडला.

त्या नळांच्या कडेने चढणारी खडकाळ वाट मोटारसायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडची सहा दिवसांची 'ट्रायल' मे महिन्यात भरते. तिच्यात वेगाला किंमत नाही. धोंड्यांतून, ओढ्यांतून तोल सांभाळून जायचे; पाय जमिनीला टेकला की एक गुण गेला, गाडी थांबली की पाच. १९६५ साली सॅमी मिलरने ती बुल्टाको या स्पॅनिश गाडीवर जिंकली आणि ब्रिटिश गाड्यांची सद्दी संपली. त्याआधीच्या घडणीच्या गाड्यांसाठी किनलॉखलेव्हनला आता वेगळी दोन दिवसांची ट्रायल होते.

आमची घरमालकीण सत्तरी ओलांडलेली विधवा. रात्री सूप वाढताना जावयांनी माझी कुंडली सांगितली, तशी बाई थबकल्या. यजमान मागल्या हिवाळ्यात वारले. पडवीत त्यांच्या गाडीचे इंजिन सुटे पडलेले. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार. "मला फसायचं नाही," बाई म्हणाल्या, "आणि फसवायचंही नाही. जरा पाहता का?"

"अहो, इथे तरी हात काळे करू नका," असे सौभाग्यवती म्हणेपर्यंत मी बाह्या सारल्या होत्या.

तीन लाकडी खोकी. पहिल्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले 'बी. एस. ए. सी-१५-टी'. सी-१५ ही १९५८ साली निघालेली रस्त्यावरची साधी गाडी. 'टी' म्हणजे तिचीच ट्रायलसाठी बनवलेली बहीण. दोघींच्या भावात बरीच तफावत. म्हणजे सारा प्रश्न एका अक्षराचा!

रॉकेलने पुसत एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला. झाकणावर एकमेकींना टेकून उभ्या तीन बंदुका दिसल्या. बी. एस. ए. म्हणजे १८६१ साली स्थापन झालेली बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी. ती खूण त्या धंद्याची. काही भागांवरचे आकडे ४०ने सुरू होत होते. हे सी-१५चे गोत्र. एक तुकडा ९०चा निघाला; तो बॅन्टमचा, म्हणून बाजूला काढला. सिलिंडरच्या बाहेर सळ्यांची स्वतंत्र नळी होती, म्हणजे बी-४० हे थोरले भावंड नव्हे. त्याला ती वाट सिलिंडरच्याच पोटातून असते. सिलिंडरचा व्यास भरला ६७ मिलिमीटर. 'पॉइंट' मागच्या उभ्या डबीत होते. १९६५ पासून ते उजव्या झाकणात गेले. इथवर सारे सुरळीत होते.

मग डाव्या बाजूचा इंजिनाचा नंबर घासून काढला आणि जीव चरकला. 'सी-१५', पुढे आकडे. 'टी' नव्हता. खोडल्याची खूणही नव्हती.

बाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे चाळीस वर्षं ते मला थाप मारत होते?"

काय बोलावे सुचेना, म्हणून मी गिअरकडे वळलो. कोनाड्यात यजमानांची तेलकट भागसूची होती. ट्रायलच्या गाडीला पहिला गिअर अगदी मंद लागतो आणि चौथा रस्त्याजोगा. त्यामुळे चाकांच्या दात्यांची संख्याच निराळी. एकेक चाक खडूने खूण करून मोजले, दोनदा मोजले, सूचीशी ताडून पाहिले. सगळी चाके 'टी'ची! पहिल्या गिअरचे दाते तर झिजून गुळगुळीत झालेले. हे चाक कपाटात बसलेले नव्हते. धोंड्यांवर चढलेले होते.

मी तसे सांगितले: साधी गाडी घेऊन त्यांनी तिच्यात ट्रायलचे गिअर बसवले होते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बर्मिंगहॅमहून पार्सलं येत. एका हिवाळ्यात मी पडद्यांसाठी पैसे साठवले होते. त्या वर्षी खिडक्यांना चादरी लावल्या." हसल्या, आणि डोळे पुसले. "कारखान्यातल्या पगारात 'टी' परवडणार कुठून? मलाच कळायला हवं होतं."

त्यांनी ब्रश आणला. खोक्यावरचा 'टी' पुसून खाली लिहिले : 'गिअर मात्र टीचे'.

"किंमत कमी येईल," मी म्हटले.

"येईल. पण उद्याच्या माणसाला दाते मोजता येत असतील, तर फार नाही."

सकाळी आम्ही निघालो तेव्हा गिऱ्हाईक आले होते. पंचविशीचा पोरगा, पडवीत उकिडवा बसून बोटाने चाकाचे दाते मोजत होता. बाई दारात चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्याचे मोजणे पुरे होईपर्यंत त्यांनी हाक मारली नाही.

मोटारीत सौभाग्यवतींनी माझे काळे हात पाहिले आणि काही न बोलता रुमाल पुढे केला.