दिल्लीत भेटली माथेरानची गाडी

थंडीची सुट्टी लागली की मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो: डोंगरातल्या छोट्या गाडीत बसायचं! तुम्ही दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला राहत असाल, तर हा हट्ट एका दिवसात पुरवणं किती कठीण आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे कालका-सिमला. 1903 साली सुरू झालेली ही गाडी 96 किलोमीटर जायला पाचेक तास घेते. त्याआधी कालक्याला पोचायचं ते वेगळंच. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि रात्री घरी जेवायला यायचं, अशी ही सहल नव्हे.

मग काय करायचं? आम्ही केलं ते सांगते.

चाणक्यपुरीत शांतिपथाजवळ राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. 1 फेब्रुवारी 1977 रोजी ते सुरू झालं. मेट्रोच्या पिंक लाइनवर सर विश्वेश्वरय्या मोतीबाग स्थानकात उतरलात की तिथून रिक्षानं जाता येतं. मोकळ्या मैदानात जुनी इंजिनं आणि डबे उभे आहेत आणि त्यांच्यामधून एक छोटी गाडी मुलांना फिरवून आणते. घाट नाही, दरी नाही. पण गाडी आहे, शिट्टी आहे, खिडकीतून बघायला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्या नेरळजवळच्या एका गावच्या. दर वर्षी थंडीत दोन महिने आमच्याकडे नोएडाला येतात. खरं सांगायचं तर इथं त्या गप्प होतात. शेजारणी हिंदीत बोलतात, नात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. "माझं काय काम तिथं? तुम्ही जाऊन या," असं म्हणतच त्या निघाल्या होत्या.

आत शिरल्यावर आधी भेटला तो खेकडा! WCG-1 जातीच्या विजेच्या इंजिनाला आपल्याकडे हेच नाव पडलं होतं. दोन्ही बाजूंना लांब नाकं आणि मधे चालकाची खोली. ही इंजिनं 1920च्या दशकाच्या शेवटी आली आणि मुंबईहून घाट चढणाऱ्या गाड्या ओढू लागली. इथल्या इंजिनाचं नाव 'सर लेस्ली विल्सन', म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. आणखी एक आहे 'सर रॉजर लमली', तेही मुंबईचेच गव्हर्नर. हे इंजिन ज्या जातीचं आहे, त्या जातीची इंजिनं 'दख्खनची राणी' ओढायची. ही राणी 1 जून 1930 रोजी पहिल्यांदा धावली. दिल्लीत उभे राहून मुलांना खंडाळ्याचा घाट समजावून सांगायचा असेल, तर याहून चांगली जागा मिळणार नाही.

पुढे पतियाळाची मोनोरेल बघायला विसरू नका. एकच रूळ, त्यावर चाकं आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून धावणारं एक मोठं चाक! 1907 साली सुरू झालेली ही गाडी आधी खेचरं ओढायची. साधारण 1927पर्यंत ती चालली. मग कित्येक दशकं पडून राहिली आणि नंतर दुरुस्त होऊन इथं आली. मुलं तिच्यापुढून हलत नाहीत.

तेवढ्यात सासूबाई एका छोट्याशा इंजिनापाशी थांबल्या. पाटी वाचायची त्यांना गरज पडली नाही. "अगं, ही तर आमची गाडी!"

ते माथेरानचं इंजिन होतं.

नेरळ-माथेरान मार्ग 1907 साली सुरू झाला. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं तो बांधला. रुळांतलं अंतर जेमतेम दोन फूट, लांबी सुमारे 21 किलोमीटर आणि चढ इतका तीव्र, की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार खास इंजिनं मागवली. वळण आलं की आस थोडे बाजूला सरकावेत, अशी त्यांची रचना होती. पतियाळाच्या मोनोरेलचं इंजिनही याच कंपनीचं. माथेरानच्या त्या चार इंजिनांपैकी एक इथं दिल्लीत आहे.

सासूबाई बोलू लागल्या आणि नात ऐकू लागली. मे महिन्यात त्या आणि त्यांची आई पाट्या भरून करवंदं, जांभळं घेऊन माथेरानला विकायला जायच्या. पहाटे निघायचं, दिवेलागणीच्या आत खाली उतरायचं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, मग अमन लॉज. गाडी वळणं घेत घेत वर यायची आणि ह्या आडवाटेनं चढून तिच्या आधी पुढच्या वळणावर हजर! "वाफेचा वास यायचा. गाडीतली मुलं हात करायची. आम्हीपण करायचो."

"आणि तू गाडीत कुठे बसायचीस, आजी?" नातीनं चक्क मराठीत विचारलं.

"मी कुठली बसतेय? तिकिटाचे पैसे करवंदांतून सुटायला हवेत ना. पुढे लग्न झालं, संसार झाला. राहूनच गेलं."

माथेरानची गाडी दारावरून जात होती आणि बाई कधी तिच्यात बसल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आम्ही छोट्या गाडीची तिकिटं काढली. सासूबाई नातीशेजारी पदर सावरून बसल्या. शिट्टी झाली, गाडी निघाली. खेकड्याजवळून आणि त्यांच्या इंजिनाजवळून गेली. तिथं उभ्या असलेल्या कुठल्याशा मुलांना त्यांनी हात केला. फेरी काही मिनिटांतच संपली. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एकदा बसायचं का?" बसलो.

तुम्ही जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं. छोट्या गाडीच्या वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी बघून घ्या. धुकं असेल तर उन्हं वर आल्यावरच निघा. चालणं बरंच होतं, म्हणून आजी-आजोबांना मधे मधे बसवा. आणि त्यांना घरी ठेवून जाऊ नका.

परतताना मेट्रोत आजी आणि नात शेजारी बसल्या होत्या. येत्या मे महिन्यात नेरळला उतरून माथेरानला गाडीनंच जायचं, हे दोघींनी परस्पर ठरवून टाकलं. घाटातली ही गाडी पावसाळ्यात साधारण बंद असते, दरडींनी तर तिला कधी कधी वर्षानुवर्षं थांबवलंय. त्यामुळे या वेळी तिकिटांचं मी लवकर बघणार आहे.