ओळखीचा वास

वाघ्याला दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी सरकी त्याच्यावर फिसकारली. मे महिना, वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दिवस मावळला तरी फरशी निवाली नव्हती. ती दाराच्या चौकटीत पाठीची कमान करून उभी राहिली. शेपूट फुलून दुप्पट झालेलं, कान मागं चिकटलेले. याच कुत्र्याच्या पोटाशी ती तीन वर्षं रोज दुपारी कूलरपुढं झोपत आलेली. वाघ्या अजून भुलीतून पुरता उतरला नव्हता. त्यानं शेपूट हलवलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि नाकावर पंजा खाल्ला. नखांसकट.

त्या नखांनीच मला चटका बसला, कारण पंजे तो रोजच खातो. सरकीचा एक ठरलेला क्रम आहे. रात्री जेवणं आटोपली की ती शेपूट काठीसारखं ताठ उभं करून येते, वाघ्याच्या हनुवटीखाली कपाळ घासते, मग गाल, मग पुन्हा कपाळ. त्यानंतर त्याच्या पोटावर पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं रोवत कणीक मळायला लागते. डोळे अर्धे मिटलेले, घशात घरघर. हे पाच मिनिटं चालतं. आणि मग, काही कारण नसताना, त्याच्या थोबाडावर फाडकन एक ठेवून देते आणि कपाटावर चढून बसते. नखं आत असतात, नुसती गादी लागते. वाघ्या डोळे मिचकावतो आणि झोपतो.

पाहुणे म्हणतात, कुत्र्या-मांजराचं वैर, दुसरं काय! मला ते पटत नाही. ही म्हण बनवणाऱ्यानं गल्लीत परक्या मांजरामागं धावणारं कुत्रं पाहिलं असेल. एका अंगणात वाढलेली जोडी पाहिली नसेल. ते मळणं दूधपित्या वयातलं आहे. पिल्लू आईच्या आचळाभोवती पंजांनी दाबतं, पान्हा यावा म्हणून. मोठेपणी मांजर ते निर्धास्त जागीच करतं. कपाळ घासणं म्हणजे आपला वास लावणं; मांजराच्या कपाळात, गालांत, हनुवटीखाली, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. ज्याला घासलं तो आपला. आणि ती शेवटची थप्पड म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, ‘आता पुरे’ एवढंच. लाडही पुरे होतात तिला.

तेल अवीव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी, एका छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं निरीक्षण 2008 साली प्रसिद्ध केलं. मांजर आधी आणि कुत्रं मागून आलेलं असेल, मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रं वर्षाच्या आतलं असेल, तर सूत चांगलं जुळतं असं त्यांना दिसलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. कुत्रं खुशीत शेपूट हलवतं. मांजर शेपूट आपटतं ते चिडल्यावर. एकाचा नमस्कार दुसऱ्याच्या भाषेत शिवी. तरी त्या घरांतले प्राणी एकमेकांच्या खुणा बरोबर वाचायला शिकले होते. कुत्री तर मांजरांसारखी नाकाला नाक लावून भेटत होती.

हे वाचताना मला आमची कापसाची खोली आठवली.

देवळी तालुक्यातलं आमचं गाव, सत्तरच्या दशकातलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी आजी वावरात सीतादही करायची; पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभाताचा नैवेद्य, हळदकुंकू. मग बायांच्या ओट्यांतून, गाठोड्यांतून कापूस घरी यायला लागायचा आणि समोरची खोली भरत जायची. आधी गुडघ्याएवढी, मग खिडकीपर्यंत, दिवाळी उलटता उलटता आढ्याला पोचेल अशी. त्या खोलीत काडी पेटवायची नाही, कंदीलसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. बिडी ओढणारा माणूस सपरीतच बसायचा. आत एक उबदार, तेलकट, किंचित कडवट वास; तो सरकीचा, कापसाच्या बियांचा. त्या सरकीसाठी उंदीर यायचे आणि उंदरांसाठी मांजर. मोती कुत्रा दाराशी राखणीला. दोघांनाही त्या खोलीत काम होतं, म्हणून दोघांनाही तिथं हक्कानं झोपायला मिळायचं. आम्हा पोरांना मिळायचं नाही.

मांजरीला नाव नव्हतं. त्या वर्षी ती ढिगाच्या कोपऱ्यात व्यायली. तीन आठवड्यांची पिल्लं घसरत घसरत खाली यायची, थेट मोतीच्या अंगावर. मोतीही वर्षाचाच. तो नुसता पडून राहायचा आणि पिल्लं त्याच्या कानाला लोंबायची. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात मांजराच्या पिल्लाच्या मनात आपलं कोण हे बसतं, हे मी कितीतरी पुढं वाचलं.

तेव्हा एकाधिकार खरेदी होती. 1972 पासून कापूस सरकारलाच घालायचा, दुसरीकडं नाही. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची. बाबा पहिली बंडी घेऊन गेले तसा मोती मागं मागं गेला. दोन रात्री रांगेत, बंडीखाली, शेजारच्या बंड्यांच्या कुत्र्यांत काढून तिसऱ्या दिवशी परतला. अंगाला ओंगणाचा काळा ओघळ. मांजरीनं त्याला उंबऱ्यातच फाडला. नाकावर रक्ताची बारीक रेघ उठली. मी रडायला लागलो. मला वाटलं, संपलं.

आजी चुलीपासून उठून आली.

“रडतं काऊन? ते त्याले नाही भेत, वासाले भेते. मोती साऱ्या गावाचा वास घेऊन आला.”

तिनं मोतीला सपरीत बांधला, मांजर आत कोंडली, आणि मधल्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची भाकर एकाच वेळी ठेवली. मग पिल्लांच्या खळग्यातला मूठभर कापूस उपसून आणला. चपटा झालेला, पिवळसर, मांजराच्या केसांनी भरलेला. त्यानं मोतीची मान पुसली, हनुवटीखाली पुसलं, पाठीवरून शेपटीपर्यंत. लहान लेकराला पुसावं तसं सावकाश, बोटांनी कानामागचा मळ काढत. तो बोळा तिनं मांजरीच्या ताटलीशी नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आजी शाळेत गेली नव्हती. आज प्राण्यांचे डॉक्टर हेच सांगतात: वेगळं ठेवा, दाराआडून जेवू घाला, वासाची अदलाबदल करा, घाई करू नका.

अंतर राखण्याला आपण उगाच कमी लेखतो. सेवाग्रामला आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहिला की मला नेहमी बरं वाटतं. साप धरायचा, लांब नेऊन सोडायचा. जवळ घेणं नाही आणि मारणंही नाही. सरकीला कपाटाचा माथा लागतो तो त्यासाठीच. चढून बसायला उंच जागा असली तरच ती खाली उतरून प्रेम करते.

तर वाघ्याच्या अंगाला स्पिरिट, मलम आणि परक्या पिंजऱ्याचा वास होता. कापूस आता घरात कुठला! सरकीच्या टोपलीतला जुना पंचा घेतला आणि आजीनं पुसलं तसं पुसलं. मान, हनुवटी, पाठ, टाके सोडून. तीन दिवस दार बंद. चौथ्या रात्री फट ठेवली. सरकी पोट जमिनीला लावून आली. त्याचा कान हुंगला, मागचा पाय हुंगला, तोंड अर्धवट उघडं ठेवून बराच वेळ तशीच थांबली. काही वास मांजर टाळूनं घेतं. वाघ्या हलला नाही. शेपूटसुद्धा नाही. त्यालाही काही समजलं असावं. मग तिनं नाकाला नाक लावलं आणि फाडकन एक दिली. नखं आत होती.

गावाकडचा कापूस त्या वर्षी फेब्रुवारीत संपला. शेवटची बंडी गेली, चुकारा यायला अजून अवकाश होता. आजीनं खोली झाडली, सारवली. रात्री पाणी प्यायला उठलो तर ओल्या शेणाच्या वासात, कोपऱ्यात, जिथं खळगा होता बरोबर तिथंच, मोती आणि ती मांजर उघड्या भुईवर अंगाला अंग लावून झोपलेली. मांजरीच्या मिशीला कापसाचा एक तंतू अडकलेला होता. श्वासागणिक हलत होता.