परत आलेली पानं आणि न आलेली

सातारा,
6 एप्रिल 2025

चि. अभिजीतला आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, लष्करी संकेतस्थळांवरून काढलेली ती पानं परत टाकली की त्यांनी. आता कशाला मनाला लावून घेतेस?" तेवढ्यात दारात गॅसवाला आला आणि विषय तिथंच राहिला. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असं अर्ध्यावर सोडवत नाही. शिवाय फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

26 फेब्रुवारीला तुमच्या तिकडच्या, अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा हुकूम निघाला. डीईआयचा, म्हणजे विविधता, समता आणि समावेशन या धोरणाचा पुरस्कार करणारा सगळा मजकूर, फोटो, व्हिडिओ लष्करी संकेतस्थळांवरून उतरवा, आणि तेही 5 मार्चच्या आत. एवढ्या वेळात एवढं सगळं वाचून निवाडा कोण करणार? असोसिएटेड प्रेसच्या हाती काढायच्या फोटोंची यादी लागली, त्यात 26 हजारांहून जास्त फोटो होते. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या 'इनोला गे' विमानाचे फोटोसुद्धा त्यात! विमानाला वैमानिकानं आपल्या आईचं नाव दिलं होतं. त्यातलं 'गे' तेवढं कुणाच्या तरी नजरेला खुपलं असावं.

त्यावर आपण दोघंही हसलो. पण चार्ल्स कॅल्विन रॉजर्स यांच्या पानाचं मला हसू आलं नाही. हे तोफखान्यातले कृष्णवर्णीय लेफ्टनंट कर्नल. 1 नोव्हेंबर 1968 ला व्हिएतनाममध्ये, कंबोडियाच्या सरहद्दीजवळ त्यांच्या तळावर हल्ला झाला. तीनदा जखमी होऊनही ते मागं हटले नाहीत. तोफेवरची माणसं पडली तेव्हा स्वतः तोफेशी उभे राहिले. 1970 मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. हा तिकडचा सर्वोच्च लष्करी सन्मान. यंदाच्या मार्चमध्ये त्यांचं पान नाहीसं झालं आणि त्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात 'मेडल'च्या आधी 'डीईआय' ही अक्षरं दिसू लागली. ती माणसानं घातली की यंत्रानं, हे तुझ्यासारख्या संगणकवाल्याला जास्त कळेल. मला त्यातला टोमणा कळला: हे पदक कर्तबगारीचं नाही, मेहेरबानीचं.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. तू म्हणतोस, सैनिक तो सैनिक. त्याचा रंग, त्याचा वंश मध्ये आणायचाच कशाला? शौर्य लिहावं आणि गप्प बसावं. ऐकायला हे फार उदात्त वाटतं. पण अभिजीत, रंगाचा रकाना इतिहासकारांनी मागाहून आखला नाही. तो लष्करानंच आखला होता. पलटणीच रंगावरून वेगळ्या होत्या. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 1948 मध्ये हुकूम काढला तेव्हा कुठं ती प्रथा मोडायला सुरुवात झाली.

कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन तुला बेसबॉलमुळे माहीत आहे. त्याचंही पान गेलं होतं. 1944 च्या जुलैत तो टेक्सासमधल्या कॅम्प हूडवर सेकंड लेफ्टनंट होता. लष्कराच्या बसमध्ये चालकानं त्याला मागं जाऊन बसायला सांगितलं. तो उठला नाही. त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि ऑगस्टमध्ये तो निर्दोष सुटला. आता यातून त्याचा रंग काढून ही हकीकत सांगून दाखव. बसमध्ये जागेवरून वाद झाला, एवढंच उरेल.

नाव्हाहो या आदिवासी जमातीतल्या सैनिकांचंही तेच. 1942 मध्ये मरीन कोअरनं त्यांच्यातल्या 29 जणांकडून त्यांच्याच भाषेत संकेतभाषा तयार करून घेतली. रणगाड्याला कासव, हातबॉम्बला बटाटा. जपान्यांना ती शेवटपर्यंत फोडता आली नाही. आणि ज्या भाषेनं सैन्याचं काम केलं, तीच भाषा तोंडातून निघाली म्हणून या मुलांना सरकारी निवासी शाळांत शिक्षा होत असे. आदिवासी असणं वगळलं, तर ती संकेतभाषा आली कुठून, हेच वाचणाऱ्याला कळायचं नाही.

442 व्या रेजिमेंटचं पानही काही दिवस गायब होतं. ही जपानी वंशाच्या अमेरिकन पोरांची पलटण. कितीतरी जणांचे आईबाप सरकारनं काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेले, आणि मुलगे इटलीत आणि फ्रान्समध्ये त्याच सरकारसाठी लढत होते.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट परवा बोलायची राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यासाठी चारशेहून जास्त मेडल ऑफ ऑनर दिली गेली. त्या काळात त्यातलं एकही कृष्णवर्णीय सैनिकाला मिळालं नाही. नव्वदच्या दशकात लष्करानं अभ्यासकांकडून जुने कागद पुन्हा तपासून घेतले आणि 1997 मध्ये सात जणांना ते पदक मिळालं. त्यांपैकी व्हर्नन बेकर एकटेच तेव्हा हयात होते. पुढं 2000 साली तशीच तपासणी होऊन आशियाई वंशाच्या सैनिकांना पदकं मिळाली, बहुतेक सगळी 442 व्यातल्यांना. इटलीत हात गमावलेले सिनेटर डॅनियल इनोये त्यांतलेच. कागदांत वंश नोंदलेला नसता, तर ही तपासणी करणार कशाच्या आधारावर? अन्याय रकाने पाहून झाला होता, तो दुरुस्तही रकाने पाहूनच झाला.

हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ तू पाहिला आहेस. त्यावरच्या नावांत ब्रिटिशांच्या बाजूनं लढलेल्या महार सैनिकांची 'नाक' या प्रत्ययाची नावं कोरलेली आहेत. पुढं त्याच ब्रिटिशांनी लढाऊ जातींचं शास्त्र काढलं आणि महारांची भरती बंद केली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. आमच्या लोकांनी मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली आहे, ही त्यांची मुख्य बाजू होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये, बेळगावला. नोंद शिल्लक होती म्हणून मागणीला जोर होता. ती पुसली असती, तर सरकार खुशाल म्हणालं असतं, तुम्ही कधी लढलात?

म्हणून 'परत आली' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. रॉबिन्सनचं पान आलं, कारण क्रीडा पत्रकारांनी गलका केला. नाव्हाहोंच्या मागं त्यांचं आदिवासी राष्ट्र होतं, 442 व्यातल्यांच्या मागं त्यांची मुलंनातवंडं. रॉजर्स यांच्यासाठीही बातम्या आल्या. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीच्या संकेतस्थळावरून कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि महिला सैनिकांच्या याद्यांचे दुवे काढले गेले. त्या याद्यांत ज्यांच्यासाठी कुणी पत्रकार ओरडणार नाही अशीही माणसं असतात. एखाद्या परिचारिकेचं किंवा ट्रक हाकणाऱ्या शिपायाचं पान गेलं, तर ते गेलं हे कळणार कुणाला? इतिहास वशिल्यावर परत मिळायला लागला, तर तो सरकारी मेहेरबानीच झाला. आणि मेहेरबानीचाच तर आरोप रॉजर्स यांच्यावर ठेवला होता ना?

आता तुझ्यासाठी काम. जुनी पानं साठवून ठेवणारा इंटरनेट आर्काइव्ह तुला ठाऊक आहे. त्यातली आर्लिंग्टनची फेब्रुवारीतली यादी आणि आजची यादी शेजारी शेजारी लाव. परत आलेल्यांची नावं मला नकोत, ती वर्तमानपत्रात आली. न आलेल्यांची पाठव. माझा एक विद्यार्थी इथं महाविद्यालयात शिकवतो. त्याच्या वर्गात ती वाचून घेऊ. सईलाही सोबत घे, पोरीला दुवे कसे तुटतात ते कळू दे.

मे महिन्यात येशील तेव्हा यादीची छापील प्रत आण, मला पडद्यावर वाचवत नाही. आणि माझं म्हणणं पटलं नसेल, तर तेही घेऊन ये. भांडायला फणसपोळी खातखात बसू. वहिनीला नमस्कार, सईला पापा.

तुझी,
शालूआत्या