जांभळी मेरी, निळी खडीसाखर आणि आईची क्रीम शाल

तुमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो? आमच्या घरी तो आईच्या हातात असतो, आणि त्या तीन तासांत घरात दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही. आवाज बंद करूनसुद्धा आई मालिका बघू शकते. स्वयंपाकघरातून नुसती एक नजर टाकायची आणि सांगायचं, "बघ, हिने आज काळी साडी आणि बिनबाह्यांचं ब्लाऊज घातलंय. आता ही सुनेच्या दुधात काहीतरी मिसळणार!" आणि ती मिसळतेच. साधी सून फिक्या सुती साडीत, खाष्ट जाऊ भडक शिफॉनमध्ये, आणि सून बंड करायला उठली की तिच्या अंगावर लाल. आईला हे कुणी शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं बघून तिला ते पाठ झालंय.

2024 मध्ये ती माझ्याकडे डेनव्हरला आली होती. दिवसभर मी ऑफिसात, ती घरात, बाहेर थंडी. कंटाळू नये म्हणून मी तिला 'ब्रेकिंग बॅड' लावून दिली. कॅन्सर झालेला केमिस्ट्रीचा मास्तर ड्रग्ज बनवायला लागतो, ही स्टोरी तिला झेपेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांत तिने पाच सीझन आणि 62 एपिसोड संपवले. आणि वर मलाच म्हणाली, "यांचा कपडेवाला हुशार आहे हं!"

झालं. वीकएण्डचा प्लॅन ठरला. मालिका जिथे घडते आणि जिथे शूट झाली, ते न्यू मेक्सिकोतलं अल्बकर्की डेनव्हरपासून सरळ दक्षिणेला आहे. साधारण 720 किलोमीटर, गाडीने सात तास.

रंगांचा पाढा

सात तास गाडीत काय करायचं? आम्ही रंगांची उजळणी केली. तुम्ही मालिका पाहिली असेल तर तुम्हीही करून बघा.

वॉल्टर व्हाइट सुरुवातीला फिका हिरवा आणि मातकट. बायकांच्या भाषेत सांगायचं तर 'धुऊन धुऊन विटलेला'. मालिकेच्या पहिल्याच मिनिटाला त्याची खाकी पँट वाळवंटात हवेतून उडत येते. पुढे माणूस बिघडत जातो तसे कपडे गडद होतात आणि डोक्यावर ती काळी हॅट चढते. बायको स्कायलर निळ्यात. वॉल्टरचा साथीदार म्हणावा असा जेसी पिंकमन सुरुवातीला ढगळ, लाल-पिवळ्या, ओरडणाऱ्या टी-शर्टांत, आणि पुढे आयुष्य अंगावर येतं तसा राखाडी-काळ्यात. चिकनचं रेस्टॉरंट चालवणारा गस दुकानात पिवळ्या शर्टात. लॅबमधले सूटही पिवळे. म्हणजे पिवळं दिसलं की सावध राहायचं. आणि स्कायलरची बहीण मेरी? नखशिखान्त जांभळी. कपडेच नाहीत, तिचं घरसुद्धा जांभळ्या वस्तूंनी भरलेलं. आईने तिचं नावच 'जांभळीण' ठेवलं होतं.

नावातसुद्धा रंग आहेत. व्हाइट म्हणजे पांढरा. पिंकमनमध्ये गुलाबी. वॉल्टरच्या जुन्या भागीदाराचं आडनाव श्वार्ट्झ, जर्मनमध्ये श्वार्ट्झ म्हणजे काळा. पांढरा आणि काळा मिळून त्यांनी काढलेल्या कंपनीचं नाव काय, तर 'ग्रे मॅटर'!

हे सगळं आपोआप होत नाही. मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन सीझन सुरू होण्याआधी आपल्या टीमबरोबर बसून कुणी कुठले रंग घालायचे ते ठरवायचा. पहिले चार सीझन कॅथलीन डेटोरो ही कॉस्च्युम डिझायनर होती, पाचव्याला जेनिफर ब्रायन. ब्रायनने नंतर 'बेटर कॉल सॉल'मध्ये (2015 ते 2022) आणखी पुढची पायरी गाठली. गुन्हेगारांच्या दुनियेला लाल-केशरी असे उष्ण रंग, कायद्याच्या बाजूला निळे-थंड रंग. वकील किम म्हणूनच कायम निळ्यात. एखाद्या सभ्य माणसाच्या अंगावर केशरी झळकलं की समजायचं, पाय घसरला!

हा रंग आला कुठून?

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. शहराच्या पूर्वेला सँडिया पर्वत आहे. स्पॅनिशमध्ये 'सँडिया' म्हणजे कलिंगड. हे कसलं नाव, असं म्हणेपर्यंत सूर्य खाली गेला आणि तो अख्खा डोंगर कापलेल्या कलिंगडासारखा गुलाबी झाला. दहाएक मिनिटं आम्ही दोघी पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या.

मजा म्हणजे ही मालिका मुळात इथली नव्हतीच. गिलिगनच्या कागदावर गाव होतं कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड. न्यू मेक्सिको सरकार तेव्हा शूटिंगच्या खर्चाचा पाव हिस्सा परत द्यायचं, म्हणून सगळं बिऱ्हाड इकडे हललं. निर्णय पैशांचा होता, पण इथे आल्यावर कॅमेऱ्यासमोर हे आभाळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते नीट दिसलं. जमीन मातकट, मातीची घरं मातकट, नदीकाठची कॉटनवूडची झाडं ऑक्टोबरात पिवळीधमक, आणि वर एकही ढग नसलेलं निळं. न्यू मेक्सिकोचा झेंडासुद्धा पिवळा, त्यावर लाल सूर्य. इतक्या स्वच्छ उन्हात जांभळा ड्रेस घातलेली बाई दोन चौक लांबून दिसते. रंगाला बोलायला लावायचं तर त्याच्यामागे एवढी मोकळी भिंत हवी.

जेवणातही रंग सुटत नाही. इथे ऑर्डर दिली की वेटर विचारतो, "रेड ऑर ग्रीन?" मिरचीची लाल चटणी की हिरवी? हा चक्क राज्याचा अधिकृत प्रश्न आहे! दोन्ही हवं असेल तर म्हणायचं, "ख्रिसमस." इस्लेटा बुलेव्हार्डवरच्या ट्विस्टर्समध्ये, म्हणजे गसचं 'लोस पोयोस एर्मानोस' म्हणून शूट झालेल्या जागी, आईने ख्रिसमस मागवलं आणि हिरवी जास्त झणझणीत असल्याचा निकाल दिला.

पुतळे आणि खडीसाखर

शनिवारी सकाळी आम्ही कन्व्हेन्शन सेंटरला गेलो. तिथे वॉल्टर आणि जेसी यांचे पुतळे आहेत. 2022 च्या जुलैत गिलिगन आणि सोनी पिक्चर्सने ते शहराला भेट दिले. ड्रग्ज बनवणाऱ्यांचे कसले पुतळे उभारता, अशी टीकाही तेव्हा झाली. ती मला अगदीच चूक वाटत नाही. ज्या गावाला ड्रग्जची झळ खरोखर बसलीय, त्याने स्वतःची ओळख अशी का सांगावी?

आई मात्र पुतळ्यांपुढे वेगळ्याच कारणाने गोंधळली. "हा टोपीवाला कळला, पण दुसरा कोण?" पुतळे ब्राँझचे. सगळं एका रंगाचं. लाल-पिवळा गेला, तर जेसी तिला ओळखूच येईना.

ओल्ड टाउन हा शहराचा मूळ भाग. गाव 1706 मध्ये वसलं, मधल्या चौकाला लागून मातीच्या भिंतींचं जुनं चर्च, ओसरीखाली चांदी आणि नीलमण्यासारख्या टर्कॉइजचे दागिने मांडून बसलेले स्थानिक आदिवासी कारागीर. तिथल्याच 'द कँडी लेडी' या दुकानाने सुरुवातीच्या सीझन्ससाठी ते ड्रग म्हणून दाखवायचे खडे साखरेचे बनवून दिले होते. आता तिथे छोट्या पिशवीत निळे खडे मिळतात. आईने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, ही तर खडीसाखर!" आजूबाजूचे फॅन्स भारावून फोटो काढत होते आणि आमच्या आईला गणपतीचा प्रसाद आठवत होता.

क्रीम शाल

तो दिवस नवरात्रातला शनिवार होता. आपल्याकडे नवरात्रात ऑफिसात काय चालतं, तुम्हाला सांगायला नको. रंगांचा तक्ता डेस्कवर चिकटवलेला, ज्याच्याकडे तो रंग नाही त्याची धावपळ, चहाच्या वेळी ग्रुप फोटो. आई बँकेत होती तेव्हा नऊच्या नऊ दिवस सांभाळायची. त्या सकाळीही सोसायटीच्या ग्रुपवर राखाडी साड्यांचे फोटो येत होते. तिने बघितले, अंगठा दाखवला आणि फोन पर्समध्ये टाकला.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आईच्या अंगावर मी भडक रंग पाहिला नव्हता. क्रीम, राखाडी, फार तर बदामी. कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, मला कळतंय. हातातला हिरवा चुडा गेला की पुढचे सगळे रंग जातात, हे आपण लहानपणापासून बघत आलेलो असतो. मनातून चिडायचे मी. एवढी शिकलेली, नोकरी केलेली बाई, आणि हे असं?

चौकाजवळच्या एका दुकानात विणलेल्या शाली होत्या. मी गडद जांभळी शाल उचलली आणि तिच्या खांद्यावर टाकली. "घे ना आई. मेरीसारखी दिसशील." तिने आरशात बघितलं, शाल काढली, नीट घडी केली आणि क्रीम रंगाची घेतली.

मग माझा बांधच फुटला. दुकानातच म्हणाले, "अजून किती दिवस असं राहणार आहेस गं? बाबांना आवडलं असतं का हे?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायलाच लागली.

"अगं, ह्यांनाच तर भडक आवडायचं! लक्ष्मी रोडवर गेलो की साडी हेच निवडणार. झेंडूसारखी पिवळी, नाहीतर ती डाळिंबी. चौतीस वर्षं नेसले. माणूस हौशी होता, मन कशाला मोडायचं? पण मला लहानपणापासून फिकंच आवडतं. कॉलेजात माझ्याकडे एक क्रीम साडी होती, ती विरेपर्यंत वापरली. आता माझं मी आणते, तर तुला काय त्याचं?"

मला काय बोलावं तेच सुचेना. ज्या रंगाला मी शोक समजत होते, तो तिचा स्वतःचा रंग होता. आणि मागे अल्बममध्ये बघून मी ज्याला आनंद समजायचे, तो बाबांचा.

संध्याकाळी परत तो डोंगर गुलाबी झाला तेव्हा मी तिला विचारलं, "मग बाबांची आठवण येते तेव्हा काय करतेस?"

"ती डाळिंबी साडी कपाटात वरच आहे," ती म्हणाली. "देत नाही मी कुणाला."

मेरीच्या अंगावरचा जांभळा कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवला, म्हणून तो वाचता येतो. आईचा क्रीम कुणी ठरवला, हे तीन वर्षांत एकदा तोंड उघडून विचारायला हवं होतं. तेवढं केलं नाही मी. रविवारी सकाळी शहरावर शेकडो बलून तरंगत होते, सगळे रंग एकाच वेळी. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी केशरी होता. आईने क्रीम शालीत फोटो काढून घेतला आणि स्वतःच ग्रुपवर टाकला.

जायचं असेल तर...

- ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बेस्ट. 1972 पासून चालत आलेला बलून फिएस्टा याच सुमारास असतो. हॉटेल फार आधी बुक करा.
- शहर दीडएक हजार मीटर उंचीवर आहे. ऊन कडक, पहाट गार. पाणी प्या, स्वेटर न्या.
- सँडियावर जायला 1966 पासूनची केबल कार आहे. सूर्यास्ताच्या आधी वर पोचा.
- वॉल्टरचं म्हणून दाखवलेलं घर खासगी आहे. मालिकेतला सीन बघून लोक छतावर पिझ्झा फेकायला लागले, तेव्हा 2015 मध्ये खुद्द गिलिगनने जाहीरपणे झापलं. पुढे घराभोवती कुंपण आलं. ते घर टीव्हीवरच बघा.
- "रेड ऑर ग्रीन?"ला पहिल्यांदा "ख्रिसमस"च म्हणा.