काळा, तपकिरी, निळा

उजाडायला अजून वेळ होता. गाडीच्या बॉनेटवर मी नकाशा पसरला, भाचीने टॉर्चचा उजेड धरला आणि वाऱ्याने कागद उडू नये म्हणून आम्ही चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. नेवाडाच्या वाळवंटातली नोव्हेंबरची थंडी बोटांत शिरत होती. नकाशा १९१० सालचा, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने छापलेला. शीटचं नाव 'फर्नेस क्रीक', प्रमाण अडीच लाखास एक, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आम्ही उभे होतो त्या जागी कागदावर डाळीच्या दाण्याएवढी काळी नक्षी होती आणि तिच्याशेजारी नाव होतं: राइओलाइट.

"मामा, एवढ्याशा ठिपक्यात शहर मावतं?" भाचीने विचारलं.

तेवढ्यात पूर्वेकडे फटफटलं आणि समोरच्या उतारावर एक भिंत दिसू लागली. मग दुसरी. तीन मजल्यांची इमारत, खिडक्यांची रिकामी भोकं, वर छप्पर नाही, आत मजले नाहीत. भोकांतून पलीकडचा डोंगर दिसत होता. मागे दूरवर आणखी एका इमारतीचा सांगाडा. बाकी सगळीकडे खुरटी झुडपं आणि खडी. मी नकाशाकडे बघितलं, पुन्हा समोर बघितलं आणि बराच वेळ बोलू शकलो नाही.

सह्याद्रीत मी पंचवीस वर्षं भटकतो आहे. '४७ एफ' या क्रमांकाच्या टोपोशीट घडी उलगडून उलगडून फाटल्या आणि मी त्या कापडावर चिकटवून घेतल्या. किल्ल्यावरच्या टाक्यात कुठल्या महिन्यात पाणी होतं, हे शीटच्या कडेला पेन्सिलीने तारीख घालून लिहायची सवय तेव्हापासूनची. त्यामुळे भाचीने लास व्हेगसला बोलावलं तेव्हा मी तिला एकच काम सांगितलं होतं: तुझ्या भागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे मिळतात का बघ. ते मिळवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. सर्वेक्षण खात्याने १८८४ पासूनचे आपले पावणेदोन लाखांहून अधिक जुने नकाशे स्कॅन करून सगळ्या जगासाठी फुकट खुले ठेवले आहेत. तिने फर्नेस क्रीकची शीट मोठ्या कागदावर छापून आणली, सोबत १९५० च्या दशकातल्या मोठ्या प्रमाणाच्या काही शीट आणल्या आणि तीन दिवसांची सुट्टी काढली.

त्या जुन्या नकाशात तीनच रंग आहेत. माणसाने केलेलं सगळं काळ्यात: घरं, वाटा, रेल्वे, खाणी आणि नावं. जमिनीचा चढउतार तपकिरी समोच्चरेषांत. पाणी निळ्यात. हे काम करणारी माणसं खेचरांवर सामान लादून या उन्हात हिंडली. तिवईवर प्लेन टेबल मांडायचं, त्यावर कागद ताणायचा, दुर्बिणीच्या पट्टीने शिखर नेमकं साधायचं आणि रेघ तिथल्या तिथे, समोर बघत ओढायची. म्हणून या रेघांना एक धडधड आहे. ज्याने ती वळणं काढली त्याने तो डोंगर डोळ्यांनी पाहिलेला होता.

राइओलाइटची गोष्ट या काळ्या ठिपक्याएवढीच आखूड आहे. १९०४ च्या ऑगस्टमध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना इथल्या बुलफ्रॉग टेकड्यांत सोनं सापडलं. १९०५ मध्ये गावाची आखणी झाली. बघता बघता हजारो माणसं आली. बँका, वर्तमानपत्रं, शेअर बाजार, इस्पितळ, वीज, दूरध्वनी सगळं आलं. या रखरखाटात बर्फाचा कारखानासुद्धा उभा राहिला. आमच्या समोरची तीन मजली भिंत कुक बँकेची. १९०८ मध्ये ती पुरी झाली, खर्च नव्वद हजार डॉलर्सच्या वर, आत इटलीचा संगमरवर. जवळच टॉम केली याने १९०६ मध्ये बिअरच्या हजारो बाटल्या मातीत रचून बांधलेलं घर आहे. लाकूड मिळत नव्हतं आणि बाटल्या हव्या तेवढ्या होत्या. सूर्य वर आला तशी त्या भिंतीतली बाटल्यांची बुडं एकेक करून उजळली, हिरवी, तपकिरी, काही जांभळट. मी हात लावला नाही, पण चेहरा अगदी जवळ नेला. एका बुडात एक बुडबुडा होता, काच ओतताना अडकलेला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ती हवा.

१९०७ च्या आर्थिक घबराटीने भांडवल आटलं. १९१० च्या जनगणनेत गावात ६७५ माणसं उरली. १९११ मध्ये मोठी खाण बंद पडली आणि १९१६ मध्ये वीज तोडली. हे कळल्यावर मी नकाशावरचं साल पुन्हा वाचलं. १९१०. पाहणी झाली तेव्हा गाव भरात होतं आणि शाई वाळून शीट लोकांच्या हातात पडली तेव्हा माणसं बिऱ्हाड बांधत होती. नकाशात खोटं काही नाही. ज्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं त्या दिवसाची ती साक्ष आहे. प्रत्येक जुना नकाशा असाच वाचावा लागतो, साक्षीदाराला विचारावं तसा: तू हे कधी पाहिलंस?

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वे शोधायला निघालो. या ओसाडीत एकेकाळी तीन रेल्वे कंपन्या राइओलाइटपर्यंत येत होत्या. त्यातली एक 'टोनोपा अँड टाइडवॉटर', टाकणखाराच्या व्यापारात मोठा झालेल्या फ्रान्सिस स्मिथ याची. दक्षिणेला लडलो या गावापासून निघून कोरड्या सरोवरांच्या तळावरून ती उत्तरेला येई. जुन्या शीटवर रेल्वे म्हणजे आडव्या बारीक दातांची काळी रेघ. नंतरच्या शीटवर तीच जागा तुटक रेघेने दाखवली आहे आणि बाजूला लिहिलं आहे 'जुना रेल्वेमार्ग'. आजच्या फोनवरच्या नकाशात तिथे काहीच नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने छापलेले दोन कागद आणि एक फोन. रेघ, तुटक रेघ, कोरं.

भाचीने जुना नकाशा फोनवरच्या नकाशावर बसवून आणला होता. त्यासाठी दोन्हीकडे सापडणाऱ्या काही खुणा जुळवाव्या लागतात. तिने आधी रस्त्यांचे फाटे धरले होते आणि सगळं तिरपं झालं होतं, कारण रस्ते हलतात. मग तिने शिखरं धरली आणि कागद जागेवर बसला. तपकिरी रंग शंभर वर्षांत जागचा हलला नव्हता. डोंगराच्या सोंडा, ओहोळांची वळणं, डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या खाली उतरत गेलेल्या रेषा सगळ्या जिथल्या तिथे. तरीही थोडा फरक राहतोच. १९२७ च्या मोजणीवर बेतलेले नकाशे आणि आजचा जीपीएस यांच्यात या भागात सुमारे ऐंशी मीटरचं अंतर पडतं. फोन म्हणाला तू मार्गावर उभा आहेस, तरी मार्ग शेजारी कुठेतरी असतो. शेवटी डोळेच लागतात.

डेथ व्हॅली जंक्शनच्या उत्तरेला आम्ही तासभर चाललो. दुपारच्या उभ्या उन्हात जमीन सगळी सारखीच दिसत होती. भाची म्हणाली, "थांबूया मामा, ऊन कलू दे." आम्ही गाडीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. साडेतीनच्या सुमारास सावल्या लांबल्या आणि झुडपांच्या मधून एक सरळ, किंचित उंच पट्टा उमटला, जणू कुणी जमिनीखालून बोट फिरवलं होतं. भराव! त्यावर चढलो. रूळ नव्हते. १९४० मध्ये गाडी बंद झाली आणि पुढे युद्धासाठी लोखंड हवं म्हणून रूळ उचलून नेले. पण खडीत हातभर अंतराने आडवे, उथळ खळगे पडले होते, ओळीने, नजर पोचेल तिथपर्यंत. लाकडी स्लीपरचे ठसे. मी एका खळग्यात पाय ठेवला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. इथे पाऊस इतका थोडा पडतो की लाकडाचं वजन मातीने अजून लक्षात ठेवलं आहे. आपल्याकडे एका श्रावणात ही खूण पुसली गेली असती.

लास व्हेगसहून येताना ज्या महामार्गाने आलो, तोही बराचसा दुसऱ्या एका रेल्वेच्या, 'लास व्हेगस अँड टोनोपा'च्या मार्गाला धरून जातो, हे तेव्हा शीटवर ध्यानात आलं. रेल्वे १९१८ मध्ये बंद पडली आणि पुढे तिच्या भरावाचा रस्त्याला उपयोग झाला. आम्ही नकळत तिच्यावरूनच आलो होतो.

पुढे ग्रीनवॉटरकडे गेलो. तांब्याच्या आशेने १९०५ नंतर तिथे दोनेक हजार माणसं जमली. गावाचं स्वतःचं मासिकही निघालं. पाणी बाहेरून आणत आणि पिंपाला पंधरा डॉलर घेत. धातू वरवरचाच निघाला आणि १९०९ पर्यंत सगळं आटोपलं. नंतरच्या नकाशांवर गावाच्या नावापुढे कंसात एक शब्द येतो: 'साइट', म्हणजे जागा. नावाचा मालक गेला, जागा राहिली. तिथे आम्हाला गंजलेल्या डब्यांचा ढीग आणि निळसर काचेचे तुकडे दिसले. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही उचलून न्यायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. एक डबा झाकणाशी चाकूने चारदा चिरून उघडलेला होता. कुणीतरी घाईत जेवलं होतं. एका गावाच्या नावात पाणी होतं आणि गाव मात्र पाणी विकत घेऊन जगलं, हे तिथे उभं राहिल्यावर घशाला जाणवलं.

म्हणून तिसरा दिवस आम्ही निळ्या रंगासाठी ठेवला.

या मुलुखात निळा ठिपका म्हणजे जीव होता. १९०९ मध्ये वॉल्टर मेंडेनहॉल यांनी या वाळवंटातल्या पाणवठ्यांची एक पुस्तिकाच लिहिली आणि सर्वेक्षण खात्याने ती छापली. १९१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाळवंटातले पाणवठे शोधून तिथवर पोचायच्या पाट्या लावायला पैसे मंजूर केले. पाटीवर दिशा आणि अंतर. झरा चुकला तर माणूस मेला, असा तो हिशोब होता.

जुन्या शीटवर अमारगोसा वाळवंटाच्या मधोमध निळ्या खुणांचा एक पुंजका आहे: ॲश मेडोज. आम्ही पोचलो तेव्हा भाचीने गाडीची काच खाली केली आणि ओल्या मातीचा वास आला. लाकडी फळ्यांच्या वाटेने गेलो तर समोर झरा, निळाशार, इतका स्वच्छ की तळातून उकळी फुटावी तशी नाचणारी वाळू दिसत होती. त्यात बोटाच्या पेराएवढे मासे. नर निळे, चमकणारे, आपापला वीतभर मुलुख राखत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. हे पपफिश. हे पाणी हजारो वर्षांपूर्वी दूरच्या डोंगरांवर पाऊस आणि बर्फ होऊन पडलेलं, चुनखडकाच्या भेगांतून जमिनीखालून चालत इथे आलेलं. इथले पपफिश, गोगलगायी आणि झाडं यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

हा निळाही पुसला जाणार होता. १९६० च्या दशकात इथली कार्सन स्लू नावाची दलदल कोरडी करून तिच्यातलं पीट खणून नेलं. शेतीसाठी उपसा वाढला तशी शेजारच्या डेव्हिल्स होल या खडकाच्या विवरातली पातळी उतरू लागली. तिथल्या माशांची सगळी जात पाण्याखालच्या एका उथळ खडकावर अंडी घालते आणि तो खडक उघडा पडायला लागला. या उपशावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७६ मध्ये निकाल माशांच्या बाजूने लागला. पुढे इथे हजारो घरांची वसाहत बांधायची योजना आली, तीही थांबली आणि १९८४ मध्ये हे अभयारण्य झालं. डोंगर कुणी हलवू शकत नाही. घरं आपोआप जातात. पाणी मात्र माणसांनी राखलं तरच राहतं. तिन्ही रंगांत राखण निळ्यालाच लागते.

आणि या नकाशात जे नाही, तेही तिथेच उमगलं. सोन्यावाल्यांच्या कितीतरी आधीपासून या झऱ्यांवर शोशोनी आणि पायूट लोक राहत होते. त्यांना प्रत्येक पाणवठा नावाने ठाऊक होता. शीटवर ती नावं जवळजवळ नाहीत. नावं आहेत ती चार-पाच वर्षांत निघून गेलेल्यांची. टिंबिशा शोशोनी आजही डेथ व्हॅलीत आहेत. २००० साली कायद्याने त्यांच्या जमिनीचा थोडा भाग त्यांना परत मिळाला. पाहणाऱ्याने समोरचं खरं लिहिलं, पण ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना पुरेसं विचारलं नाही. जुना नकाशा वाचताना ही पोकळीही वाचायची असते.

सूर्य डोंगराला टेकला. मी फळ्यांवर मांडी घालून बसलो, शीट गुडघ्यावर उलगडली आणि भाचीकडे पेन्सिल मागितली. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिवई मांडून इथे निळी खूण केली होती. पाण्यात एक मासा वळला, त्याची पाठ चमकली. मी त्या निळ्या खुणेशेजारी, अक्षर बारीक काढून, त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिलं: पाणी आहे.